तुझ्या नावावरच्या अकरा गाड्या

रशीद, काल तुझी तारीख होती आणि तुझ्याऐवजी मी गेलो. सकाळच्या पहिल्या गाडीने आष्टीहून बीड. खिडकीपाशी तुझ्यासाठी जागा धरायची सवय गेलेली नाही, म्हणून तिथे पिशवी ठेवली. पिशवीत तुझा मृत्यूचा दाखला, त्याच्या तीन झेरॉक्स आणि एक अर्ज. अर्ज मीच टाइप केला. दुकानात बसून लोकांचे एवढे अर्ज टाइप केले, पण 'यातील आरोपी मयत झाला असल्याने' या ओळीपाशी आलो आणि हात थांबले. आरोपी आणि मयत. दोन्ही शब्द तुझ्यासाठी, आणि दोन्ही मला खोटे वाटत होते.

परवा तुला जाऊन महिना होईल. तू कसा गेलास ते इथे लिहीत नाही. तुला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून सांगून मी दमलोय. मय्यतीला अख्खं गाव होतं, एवढंच सांगतो. एसटी डेपोतली माणसं ड्युटीच्या कपड्यांत आली होती. तुझ्या गाड्या घेऊन फिरणारी जी माणसं गावात होती ती सगळी आली, आणि कब्रस्तानाबाहेर तुझ्याच नावावरच्या चार गाड्या एका रांगेत लागलेल्या मी पाहिल्या. अशा वेळीही माझी नजर नंबर प्लेटवर गेली. धंद्याची सवय, दुसरं काय.

तहसीलसमोरचं माझं ऑनलाइनचं दुकान तुला कधी धंदा वाटलंच नाही. 'बसून नंबर टाकतो आन् चहा पितो,' असं तू सगळ्यांना सांगायचास. खरं होतं ते. लोक गाडीचा नंबर सांगतात, मी टाकतो, कोणत्या चौकात, कशासाठी, कितीचं चलान पडलं ते वाचून दाखवतो. नाव आणि तालुका सांगतात, कोर्टात कुठली केस, पुढची तारीख कधी, ते बघतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचायच्या. यात तुझ्या नावाची यादी सगळ्यांत लांब होती, आणि तुझ्या आयुष्यात तू स्वतः एकदाही सिग्नल तोडला नव्हतास. आष्टीत सिग्नल नाही म्हणून नव्हे. बीडमध्येही तू पिवळा दिवा बघून थांबायचास आणि मागचे लोक शिव्या द्यायचे.

अकरा गाड्या होत्या तुझ्या नावावर. तुझ्या बुडाखाली मात्र एक जुनी सायकल. डेपोत मेकॅनिक, पगाराची स्लिप महिन्याच्या महिन्याला मिळणारी, म्हणून फायनान्सवाले तुला गाडी द्यायचे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला द्यायचे नाहीत. मग गल्लीतला कोणी यायचा, 'रशीदभाई, तुमच्या नावावर घ्या, हप्ते मी भरतो.' तू सही करायचास. काही गाड्या तर तू भंगारातून उचलून, इंजिन खोलून, नीट करून विकलेल्या. विकल्या म्हणजे चावी दिली आणि हात मिळवला. कागद तुझ्याच नावावर राहिले, कारण नाव बदलायला कोण जातंय बीडपर्यंत. हप्त्यात कोणी तुला बुडवलं नाही, हे मला मान्य करावं लागेल. पण चलानं? ती सगळी तुझ्या मोबाइलवर.

पहिल्यांदा मी ती यादी काढली तेव्हा कपाळावर हात मारला होता. तू मात्र खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलास आणि चष्मा पुसून पडद्यावर वाचायला लागलास. सांगलीजवळ एक, हेल्मेट नाही. 'हा बाळू. पोचला म्हणायचा.' कर्नाटकाच्या बाजूचं एक, ट्रिपल सीट. 'बघ बे, ट्रिपल सीट हाय. म्हंजी पोरगी संगं नेली त्यानं, हितं आजीपाशी ठिवली न्हाई.' फोटो एवढासा, धुरकट, त्यात माणूस ओळखू येईना, पण तुला कळायचं. कारखान्याच्या पट्ट्यात गेलेली गल्ली तू चलानांवरून मोजत होतास.

एवढ्यावर थांबला असतास तर तो तू कसला. संध्याकाळी ड्युटी सुटली की तू गल्लीतल्या गया मावशीच्या दारात. मावशीचा मुलगा आठ आठ दिवस फोन करायचा नाही.

'मावशे, बाळू खुशाल हाय. मंगळवारी सांगलीत धरला त्याला.'

'अगं बाई! कावून धरला?'

'टोपी न्हाई घातली म्हून. पर गाडी चालती हाय, हातपाय धड हायत. आजून काय पायजे?'

मावशी देवाला हात जोडायची आणि मी तुझ्या मागे उभा राहून दात ओठ खायचो. सरकारने दंडाची पावती पाठवली होती आणि तू तिचं खुशालीचं पत्र केलं होतंस. तेव्हा राग आला होता. आता सांगतो, जगात असं वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुला किती वेळा म्हटलं, एकेकाला पकड आणि गाड्या त्यांच्या नावावर करून दे. उद्या काही झालं तर कोर्टात तू उभा राहशील. तू म्हणायचास, 'कावून बे, तुला कशाला ताप? माझं नाव हाय, झिजतंय का ते?'

आणि मग झालं. दोन वर्षांपूर्वी समन्स आलं तेव्हा तू ते न उघडता माझ्याकडे आणलंस. मी बीड कोर्टाच्या यादीत तुझं नाव टाकलं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. मला हसूच आलं. चहात साखर जास्त झाली तरी तू कप खाली ठेवणारा, दर जुम्म्याला पहिल्या रांगेत. तू हसला नाहीस. गाडीचा नंबर बघितलास आणि म्हणालास, 'ही दत्तूची.'

दत्तू म्हणजे गया मावशीचा जावई. कपिलधारच्या यात्रेहून परतताना पिऊन सापडला. पोलिसाने नाव विचारलं. लायसन घरी राहिलेलं, खिशात फक्त गाडीचे कागद. या पठ्ठ्याने कागदावर जे नाव होतं तेच सांगितलं. त्याला वाटलं, गाडीचे कागद आणि माणूस यांचं नाव एकच असायला हवं, नाहीतर गाडी चोरीची ठरेल. हवालदाराने तेच लिहून घेतलं. तुझ्यापुढे येऊन दत्तू ओक्साबोक्शी रडला, तुझे पाय धरायला लागला. तू त्याला बाजूला सारलंस आणि विचारलंस, 'आता पितो का?' तो म्हणाला, त्या दिवसापासून थेंब नाही. तेव्हा त्याला नुकतीच ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी मिळाली होती. ऊसतोडीचा कोयता सुटला होता. असली केस त्याच्या नावावर लागली असती तर ट्रॅक्टरच्या मालकाने दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतली असती.

आपलं खरं भांडण इथून सुरू झालं. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करा, लोकअदालतीत थोडा दंड भरा, अर्ध्या तासात मोकळे. मी म्हटलं, नाहीतर दत्तूचं नाव सांग. तू दोन्हीला नाही म्हणालास. दुसऱ्यांची हेल्मेटं, ट्रिपल सीटा, सगळं अंगावर घेतलंस, पण दारू घ्यायला तयार नव्हतास. 'हे माझ्या नावावर नको. बाकी कायबी घाल.' मग सुटका कशी होणार, विचारलं तर तुझं उत्तर तयार होतं. साक्षीला हवालदार येईल. पिंजऱ्यात उभा राहून तो तुझ्या तोंडाकडे बघेल आणि म्हणेल, हा तो माणूस न्हाई. 'बस. दत्तूचं नाव घ्यायचं काम न्हाई आन् माझंबी साफ.'

त्या हवालदाराची तू वाट किती बघितलीस, रशीद. प्रत्येक तारखेला रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, मला शेजारी बसवून आष्टी ते बीड. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून आपण उभे. शिपाई बाहेर येऊन नाव पुकारायचा आणि तू शाळेतल्यासारखा 'हजर' म्हणायचास. आत जायचं, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. बाहेर टपरीवर चहा. तिथे तू वकिलांच्या बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करत बसायचास. एकदा तर सरकारी वकिलाच्या स्कूटरचा प्लग साफ करून दिलास, तुझ्याच विरुद्ध उभा राहणाऱ्या माणसाच्या. मी बोललो तर म्हणालास, 'गाडीनं काय केलंय?'

मग मागच्या दिवाळीआधी तू बारावी गाडी घेतलीस. स्वतःसाठी नाही, अर्थातच. पलीकडच्या गल्लीतला एक जण आला आणि तू पुन्हा सही केलीस. मला ते दुकानात बसून पडद्यावर कळलं, तुझ्याकडून नाही. रोज तुझी यादी काढणारा मी, तुझ्याबरोबर तारखेगणिक व्हरांड्यात पाय दुखवणारा मी, आणि तुझं मला सांगायचंही राहिलं. भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर तुला नाही नाही ते बोललो. तुला मोठेपणाची हौस आहे, लोक तुला वापरतात, भाभींचा तरी विचार कर. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, 'झालं? आता चहा सांग.' गाडी तू आठ दिवसांनी त्याच्या नावावर करून दिलीस, पुन्हा अकरावर आलास, मला सांगितलंही नाहीस. पण माझा राग तोवर मुरला होता.

आता जे लिहितो ते तुझ्यासमोर बोलायला हवं होतं.

भांडणाआधीच्या तारखेला जजसाहेब रजेवर होते. पुढची तारीख ऑनलाइन बघा, असं सगळ्यांना सांगून परत पाठवलं होतं. म्हणजे तारीख कळायची ती माझ्याच पडद्यावर. भांडणानंतरच्या शनिवारी तू दारातून डोकावलास. आत आला नाहीस, पायरीवरच उभा राहिलास.

'काय बे, आली का माझी तारीख?'

तुझं नाव टाकलेलंच होतं. तारीख समोर होती. येणारा मंगळवार. मी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, 'अपडेट नाही अजून.'

का म्हटलं? एकदा वॉरंट निघू दे, एकदा पोलीस दारात येऊ दे, म्हणजे याला अक्कल येईल. असं माझ्या डोक्यात होतं. अगदी असंच होतं, मी काही चांगलं करून सांगत नाही. वॉरंट जामीनपात्र असतं, दुसऱ्या दिवशी रद्द होतं, काही मोठं बिघडत नाही, हे मला माहीत होतं. तुझा वकील त्या मंगळवारी दुसऱ्या कोर्टात गुंतलेला असेल आणि तुझ्या वतीने कोणीच उभं राहणार नाही, हे माहीत नव्हतं. पण असं होतंच, हे काय मला ठाऊक नव्हतं?

पोलीस दारात नाही आला, डेपोत आला. तू बसखालून निघालास, हाताला ग्रीस, आणि सगळ्या स्टाफसमोर त्याने तुझं नाव वाचलं आणि पुढे कलम वाचलं. दारूचं. नवीन लागलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली, असं तूच मला नंतर सांगितलंस. दुसऱ्या दिवशी वॉरंट रद्द करायला आपण बीडला गेलो. मी मुद्दाम बरोबर आलो. बसमध्ये तू दोघांचीही तिकिटं काढलीस. मग म्हणालास, 'तुझ्या मशीनला काय झालंतं बे?' मी म्हटलं, सर्व्हर बंद होता. तू माझ्या मांडीवर थाप मारलीस. 'जाऊ दे. मशीनचं असंच असतंय. तू मनाला लावून घिऊ नको.'

तू माझी समजूत काढलीस, रशीद. त्या थापेचं ओझं मी अजून उतरवू शकलेलो नाही.

आणि याहून वाईट पुढे आहे. त्या मंगळवारी कोर्टात काय झालं हे मी आठवड्याने बघितलं. रोजनामा म्हणतात त्याला, प्रत्येक तारखेला काय घडलं त्याच्या दोन-तीन ओळी असतात. लोकांचे रोजनामे मी रोज वाचतो. तुझा वाचला. साक्षीदार हजर. आरोपी गैरहजर. वॉरंट काढण्यात यावे.

साक्षीदार हजर होता. दोन वर्षांत एकदाच तो हवालदार आला, पिंजऱ्यापाशी उभा राहिला, तुझ्या तोंडाकडे बघायला आला, आणि तू डेपोत बसखाली होतास. कारण तारीख मी दाबून ठेवली होती. नंतर त्याची लांब कुठेतरी बदली झाली. पुढच्या तारखांना तुझा पुकारा झाला, तू 'हजर' म्हणालास, आणि तो काही परत आला नाही. शेवटपर्यंत तू म्हणत राहिलास, 'येईल की. सरकारी माणूस हाय, येऊन येऊन कुठं जाईल.' मी शेजारी उभा राहून मान हलवायचो.

तुला सांगायचं म्हणून तीनदा तरी डेपोच्या गेटपर्यंत आलो होतो. दर वेळी तू लांबूनच हात केलास आणि मी चहाचं निमित्त काढलं. असं करता करता राहून गेलं. माणूस असा मध्येच उठून जाईल, असं कोणाला वाटतं?

तुझा मोबाइल आता शबानाकडे आहे. पुण्याहून आलेली तुझी लेक भाभींजवळच राहिली आहे. ती परवा दुकानात आली आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला. तू गेल्यावर पाच चलानं आली होती. तिला वाटलं, बापाने काही मागे भानगड ठेवली. मी तिला एकेक वाचून दाखवलं, हा बाळू, हा अमुक, हा तमुक. पण तुझ्यासारखं येईना. फोटोत कोण खुश आहे, कोण वाळलंय, मला काही दिसत नाही. मला फक्त कलम दिसतं.

मग मी दत्तूला फोन लावला. रागानेच. म्हटलं, तारीख आहे, ये आणि जजसमोर सांग की गाडी तू चालवत होतास. त्याला फार बोलावं लागलं नाही. 'येतो भाऊ, आमी ट्रॅक्टर लावला का निघतोच. रशीदभाईच्या नावावर हे ठिवायचं न्हाई.' मला बरं वाटलं. निदान एक गोष्ट नीट होईल. भाभींना सांगायला घरी गेलो. त्या इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत नाहीत, म्हणून पडद्याआडून बोलल्या.

'दत्तूला सांगा, येऊ नको.'

मी म्हटलं, भाभी, रशीदचं नाव साफ होईल.

'गोरखभाऊ, दोन वर्षं त्यांनी ते नाव तोंडातून काढलं न्हाई. आता ते न्हाईत म्हून आपण काढायचं? तो ट्रॅक्टर चालवतोय, चालवू द्या.' मग म्हणाल्या, 'त्यांना दारूवाला म्हणणारं गावात कोण हाय? अन् कोण म्हणलंच तर म्हणू द्या.'

त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं की रशीद स्वतःच साफ होणार होता, मी होऊ दिलं नाही. पडद्याकडे बघत उभा राहिलो आणि चप्पल घालून निघालो. रस्त्यात दत्तूला फोन करून सांगितलं, राहू दे.

काल शिपायाने तुझं नाव पुकारलं. सवयीने मी शेजारी बघितलं. दुसऱ्यांदा पुकारल्यावर आत गेलो. जज नवीन आहेत, बाई आहेत, समोर फायलींचा ढीग. अर्ज बघितला, दाखला बघितला. 'तुम्ही कोण मयताचे?' मी म्हटलं, शेजारी. मग म्हटलं, मित्र. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि रिवाज म्हणून विचारलं, आणखी काही?

दत्तूचं नाव माझ्या ओठांवर होतं, खोटं कशाला बोलू. ते गिळलं. म्हटलं, 'मॅडम, मागे एकदा वॉरंट निघालं होतं. ती तारीख त्याने चुकवली नव्हती. त्याला माहीतच नव्हती. मला माहीत होती, मी मुद्दाम सांगितली नाही. त्या दिवशी साक्षीदार आला होता.' सरकारी वकिलाने मान वर केली. बहुधा स्कूटर आठवली असावी. मॅडमनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, 'आता त्याचा उपयोग नाही हो. प्रकरण संपलं.' वाईट बोलल्या नाहीत. त्यांच्याही मागे अजून चाळीस नावं असतील.

टपरीवर चहा घेतला नाही. संध्याकाळी आष्टीत उतरलो, दुकान उघडलं आणि तुझं नाव टाकलं. आलं होतं. आरोपी मयत, प्रकरण निकाली. वर अजून तेच कलम, तसंच, तुझ्या नावाच्या पुढे. दोषी नाही आणि निर्दोषही नाही. रोजनाम्यात दोन ओळी आहेत, दाखला दाखल झाल्याच्या. मी जे बोललो ते त्यात नाही. कोणाच्याच कामाचं नव्हतं, कशाला लिहितील.

म्हणून हे लिहायला बसलो. उद्या हे कागद शबानाला देणार आहे. ती भाभींना पडद्याआड वाचून दाखवेल, आणि त्यानंतर त्या घरात मला चहा मिळेल की नाही, माहीत नाही. न मिळाला तर माझी तक्रार नाही. पण सरकारदरबारी तुझ्या नावापुढे 'आरोपी गैरहजर' लिहिलेलं कायमचं राहणार, तर कुठेतरी हेही लिहिलेलं असू दे की तू गैरहजर राहणारा माणूस नव्हतास. तू पायरीवर येऊन तारीख विचारली होतीस, आणि ती माझ्या समोर होती.